वैराटचा सूर्यास्त आणि अरुंधतीचें दर्शन

विवाहांत सप्तपदी झाली कीं वरानें वधूला ध्रुव आणि अरुंधती दाखवावयाची, असा आपल्यांतील विधि आहे. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अलीकडे मंगलकार्य झालें असेल त्यांनीं हा प्रसंग आठवून पाहावा. वर बोट उचलतो, वधू त्या बोटाच्या रोखानें पाहते, आणि तेथें असतो कार्यालयाच्या छताचा पंखा! "दिसली ना?" म्हणून उपाध्याय विचारतात, "दिसली" म्हणून वधू उत्तर देते, आणि सारी मंडळी पुढच्या विधीकडे वळते. संसाराच्या पहिल्याच दिवशीं, अग्नीच्या साक्षीनें, न पाहिलेली वस्तु पाहिली म्हणून सांगण्याचा हा प्रघात सुशिक्षित घराण्यांतून बिनदिक्कत चालूं आहे, आणि त्यांत कांहीं वावगें आहे असें कोणास वाटत नाहीं.

आम्हांसहि तें वाटलें नव्हतें. तें वाटूं लागलें आमच्या मोठ्या काकूंमुळें. काकूंचें वय आज ब्याऐंशी आहे. गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या दोन्ही डोळ्यांतील मोतीबिंदु काढण्यांत आले. पट्टी सुटल्यावर त्यांनीं प्रथम देवघरांतील समई पाहिली, मग नातवंडांचीं तोंडें पाहिलीं, आणि पुढें कांहीं दिवसांनीं एका संध्याकाळीं वर्ध्याच्या घराच्या गच्चीवर खुर्ची टाकावयास सांगून त्या आकाशाकडे पाहत बसल्या.

"सप्तर्षि कोठें आहेत रे?" त्यांनीं विचारिलें.

घरांत पदवीधरांस तोटा नाहीं. पूजेच्या संकल्पांत त्या दिवसाच्या नक्षत्राचा उच्चार रोज होतो, आणि भिंतीवर पंचांगहि टांगलेलें आहे. परंतु काकूंच्या साध्या प्रश्नाचें उत्तर कोणासच देतां येईना. एकानें पूर्वेस बोट दाखविलें, दुसऱ्यानें पश्चिमेस. कार्तिकाच्या संध्याकाळीं आपल्याकडे सप्तर्षि क्षितिजाच्या खालींच असतात, हें आम्हांस मागाहून कळलें! शिवाय रस्त्यावरील दिव्यांचा आणि समोरच्या दुकानाच्या पाटीचा उजेड इतका होता कीं आकाशांत मोजून दहाबारा तारे काय ते दिसत होते.

काकू कांहीं वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "माझ्या लग्नांत ह्यांनीं बोट दाखविलें तेव्हां मांडवांत गॅसबत्त्या होत्या. मला कांहींच दिसलें नाहीं. पण चारचौघांत नाहीं कसें म्हणावयाचें? मीं आपलें 'दिसली' म्हटलें. रात्रीं हे म्हणाले, खरी अरुंधती पुढें केव्हां तरी दाखवीन. तें राहूनच गेलें."

अरुंधती दिसेनाशी झाली म्हणजे मनुष्याचे थोडेच दिवस उरले, अशी एक जुनी समजूत आहे. दोन वर्षें काकूंस समोरचें माणूसहि धूसर दिसत होतें. त्या काळांत त्या मनाशीं काय समजून चालल्या होत्या, हें त्यांनीं सांगितलें नाहीं आणि आम्हीं विचारिलें नाहीं. मात्र काकूंस अरुंधती दाखवावयाची, हें त्याच रात्रीं ठरलें.

उंच शिखरें आणि अंधार

आमच्या स्नेह्यांपैकीं एक निवृत्त शिक्षक दर वर्षीं माघांतल्या अंधाऱ्या रात्रीं दहापांच मंडळींस घेऊन चिखलदऱ्यास जातात. संध्याकाळीं वैराटच्या माथ्यावरून सूर्यास्त पाहावयाचा आणि रात्रीं पठारावर बसून नक्षत्रें ओळखावयाचीं, असा त्यांचा क्रम. त्यांस विचारतांच ते म्हणाले, "काकूंस अवश्य आणा. फक्त गरम कपडे आणि धीर ह्या दोन वस्तु बरोबर घ्या."

अशा वाटाड्यासह केलेल्या सफरी इतर देशांत आतां मोठ्या व्यवस्थेनें चालतात. प्रशांत महासागरांतील हवाई बेटांवर मौना केआ नांवाचा निद्रिस्त ज्वालामुखी आहे. त्याची उंची १३,८०० फुटांच्या वर. समुद्रकांठाहून दुपारीं मोटारी निघतात. सुमारें ९,२०० फुटांवर अर्धा तास तरी थांबून शरीरास विरळ हवेची संवय करून घ्यावी लागते. मग माथ्यावर जाऊन ढगांच्या वरून सूर्यास्त पाहावयाचा, आणि अंधार पडतांच पुन्हां खालीं येऊन दुर्बिणींतून तारे पाहावयाचे. तारे पाहण्यास खालीं कां यावें, असें वाचक विचारतील. त्याचें एक कारण असें कीं, माथ्यावरील वेधशाळांच्या कामास मोटारींच्या दिव्यांचा उपद्रव होतो. दुसरें कारण अधिक मौजेचें आहे. त्या उंचीवर हवा समुद्रकांठाच्या मानानें सुमारें चाळीस टक्के कमी असते, आणि प्राणवायु कमी पडला कीं मनुष्याच्या डोळ्याचीच शक्ति मंदावते. म्हणजे आकाश अधिक निर्मळ, पण पाहणारा डोळा अधिक दुबळा! लहान मुलें, गर्भवती आणि हृदयविकारी माणसें ह्यांना तर माथ्यावर नेतच नाहींत. शिवाय तो पर्वत हवाईच्या मूळ रहिवाशांस पूज्य आहे. तेथें तीस मीटर व्यासाची दुर्बीण उभारण्याची योजना निघाली, व तींत आपला देशहि सहभागी झाला. परंतु २०१९ सालीं त्या लोकांनीं रस्त्यावर ठाण मांडून काम अडविलें.

आपल्याकडे लडाखांतील हान्ले येथें सुमारें साडेचौदा हजार फुटांवर भारतीय वेधशाळा आहे. तिच्या भोंवतालचा मुलूख २०२२ च्या डिसेंबरांत अंधाऱ्या आकाशाचें राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला, आणि गांवांतील तरुणतरुणींस दुर्बिणी देऊन पाहुण्यांस आकाश दाखविण्याचें शिक्षण देण्यांत आलें. हान्ले आम्हां वऱ्हाड-नागपुराकडील कुटुंबांस दूर, आणि ब्याऐंशी वर्षांच्या बाईस तर अशक्यच. पण नुसत्या डोळ्यांनीं तारे पाहण्यास इतक्या उंचीची गरजहि नाहीं. धुळीच्या आणि धुराच्या थरांतून वर निघावें आणि दिव्यांपासून दूर जावें, एवढें साधलें म्हणजे झालें. त्याला चार हजार फूट पुष्कळ होतात.

वैराटचा माथा

माघ वद्य त्रयोदशीस पहांटे आम्ही लहानथोर नऊ माणसें वर्ध्याहून निघालों. अमरावतीहून परतवाडा आणि परतवाड्यापुढें घाट. अमरावतीपासून चिखलदरा सुमारें ऐंशी किलोमीटर पडतो. घाट चढूं लागलों कीं सागाची पानगळ झालेली रानें लागतात, आणि पठारावर पोहोंचतांच हवेंत एकदम गारवा येतो. येथें भीमानें कीचकास मारून दरींत लोटलें, म्हणून तो कीचकदरा, आणि त्याचाच चिखलदरा झाला, अशी आख्यायिका मुलांनीं वाटेंतच ऐकून घेतली. जवळच गाविलगड आहे. १८०३ च्या डिसेंबरांत आर्थर वेलस्ली ह्यानें तो भोंसल्यांकडून घेतला, आणि नागपूरकरांच्या पराभवावर शेवटचा शिक्का बसला.

चिखलदऱ्याची उंची सुमारें ३,६०० फूट, तर वैराटचा माथा सुमारें ३,८६० फूट. गाविलगडच्या डोंगररांगेंतील हा सर्वांत उंच भाग होय. तो मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पांत येत असल्यामुळें परवानगी काढून, वनखात्याच्या माहितगार वाटाड्यासह, ठरलेल्या गाडींतून जावें लागतें. वैराट नांवाचें गांवहि पूर्वीं येथें होतें; व्याघ्रप्रकल्पासाठीं तें उठून दुसरीकडे वसलें. आमचा वाटाड्या कोरकू समाजांतील एक तरुण होता. बोलणें थोडें, पण नजर विलक्षण. आम्हांस जेथें नुसतें वाळलेलें गवत दिसे तेथें तो हळूच बोट दाखवी, आणि मग त्या गवताला शिंगें फुटून त्याचा सांबर होई.

माथ्यावर पोहोंचलों तेव्हां सूर्य क्षितिजापासून दोन हात वर होता. पश्चिमेकडे एकामागून एक डोंगरांच्या ओळी; जवळची हिरवट, तिच्यामागची निळी, तिच्याहि मागची धुरकट, आणि शेवटची आहे कीं नाहीं असें वाटावयास लावणारी. सूर्य खालीं येतां येतां त्याचें बिंब पसरट दिसूं लागलें. शिक्षकांनीं मुलांस सांगितलें कीं, क्षितिजाजवळच्या दाट हवेमुळें बिंबाची खालची कड वरच्या कडेपेक्षां अधिक उचललेली दिसते, म्हणून तें चेपल्यासारखें वाटतें. "आणि आणखी एक गंमत," ते म्हणाले, "ही खालची कड आतां क्षितिजाला टेकली ना? वस्तुतः सूर्य ह्यापूर्वींच मावळला आहे. तुम्ही पाहतां आहां तें हवेनें वांकवून वर आणलेलें त्याचें रूप." धाकट्या नातवानें लगेच विचारिलें, "म्हणजे खालीं परतवाड्याला काय दिसत असेल?" तेथें मैदानावर सूर्य आपल्याआधीं कांहीं मिनिटें मावळतो, कारण उंचावरून क्षितिज दूर आणि खालीं जातें, असें उत्तर मिळालें.

बिंब बुडालें तशी सर्वांनीं पाठ फिरविली. पण आमच्या वाटाड्यानें सर्वांस थांबवून पूर्वेकडे पाहावयास लावलें. तेथें क्षितिजालगत करड्या निळ्या रंगाचा एक पट्टा चढत होता, आणि त्याच्यावर फिकट गुलाबी झालर होती. ती पृथ्वीचीच छाया होय, असें शिक्षकांनीं सांगितलें. रात्र पश्चिमेकडून येत नसून पूर्वेकडून चढते, हें आम्हीं जन्मांत प्रथमच डोळ्यांनीं पाहिलें. वाटाड्याला पृथ्वीच्या छायेची उपपत्ति ठाऊक नव्हती. पण रोज कोणत्या बाजूस पाहावें हें ठाऊक होतें. आमची उलट स्थिति! ग्रहणाच्या प्रकरणांत भूछाया हा शब्द आम्हीं शाळेंत पाठ केला होता, पण ती छाया रोज संध्याकाळीं समोर उभी राहते ह्याचा पत्ता नव्हता.

माथ्यावर रेंगाळण्याची मुभा नाहीं, रान वाघाचें. ठरल्या वेळीं आम्ही खालीं उतरलों.

सप्तर्षींची वाट पाहतांना

जेवणें लौकर उरकून गांवाच्या दिव्यांपासून दूर, पठाराच्या एका मोकळ्या कडेला सतरंज्या अंथरल्या. काकूंसाठीं खुर्ची, शाल, पायांवर घोंगडी. विजेरीच्या तोंडावर तांबडा कागद बांधलेला. अंधारांत डोळा स्थिरावयास वीस ते तीस मिनिटें लागतात, आणि एकदां पांढरा उजेड पडला कीं ती सारी तपश्चर्या वांया जाते, म्हणून ही खबरदारी.

आठ वाजतां मृग जवळजवळ माथ्यावर होतें. त्याच्या पश्चिमेस तांबूस रोहिणी आणि तिच्यापलीकडे कृत्तिकांचा पुंजका. पूर्वेस पुनर्वसूचे दोन तारे. आग्नेयेस सर्वांत तेजस्वी व्याध. "कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहींत," असा शतपथब्राह्मणांत उल्लेख आहे. कृत्तिका ठीक पूर्वेस उगवत असत तो काळ गणितानें काढून शंकर बाळकृष्ण दीक्षितांनीं त्या उल्लेखाचें वय सुमारें पांच हजार वर्षें ठरविलें; आणि लोकमान्य टिळकांनीं १८९३ सालीं ह्याच मृगावरून वेदांच्या काळाचा ऊहापोह केला. हीं नांवें आमच्या घरांतील कपाटांत पुस्तकांच्या पाठींवर आहेत. तीं ज्या ताऱ्यांविषयीं होतीं ते तारे मात्र आम्ही त्या रात्रीं प्रथम पाहत होतों.

नऊच्या सुमारास दक्षिणेस, क्षितिजापासून थोडाच वर, अगस्त्य आला. वर्ध्याच्या गच्चीवरूनहि तो एवढ्याच उंचीवर येतो. पण तेथें त्याच्यापुढें धूळ, इमारती आणि उजेड ह्यांची भिंत असते.

इतक्यांत काकू एकाएकीं म्हणाल्या, "हे तीन ओळीनें आहेत ना, ही तर तिफण!" मृगाच्या मध्यावरील तीन ताऱ्यांकडे त्यांचें बोट होतें. लहानपणीं आर्वीकडील शेतावर त्यांच्या वडिलांचा एक गोंड सालदार होता. रात्रीं खळ्यावर राखणीस बसला म्हणजे तो मुलांना आकाश दाखवी. तीन तारे ही पेरणीची तिफण, आणि सप्तर्षि म्हणजे म्हातारीची बाज. चार तारे हे बाजेचे खूर, मागचे तीन हे बाज पळवूं पाहणारे चोर. शिक्षकांनीं सांगितलें कीं, टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी गणेश हलकरे ह्यांनीं विदर्भांतील गोंडांच्या तारकाज्ञानाचा अभ्यास २०१३ सालीं प्रसिद्ध केला, त्यांत ही तिफण आणि ही बाज दोन्ही आहेत. सत्तर वर्षांपूर्वीं ऐकलेली गोष्ट काकूंनीं ताऱ्यांसकट जपली होती. आम्हीं संस्कृत नांवें तेवढीं जपलीं आणि तारे गमाविले.

साडेदहा झाले. मुलें एकेक करून सतरंजीवर कलंडलीं. ईशान्येस सप्तर्षि उभे राहत होते. चौकट वर आणि शेपूट खालीं. शेपटाच्या टोंकाकडून दुसरा तो वसिष्ठ. तो अजून क्षितिजाजवळच्या धुरकटपणांत होता. काकूंनीं चष्मा पुसला आणि कांहीं न बोलतां वाट पाहिली. आम्हांस मात्र चिंता वाटूं लागली. न दिसली तर?

अकराच्या पुढें वसिष्ठ चांगला वर आला. एका नातीनें "आजी, ती बघ—" म्हणून बोट उचललें, तों शिक्षकांनीं तिला थांबविलें. ते म्हणाले, "काकू, आज कोणी बोट दाखवावयाचें नाहीं. त्या ताऱ्यापाशीं काय दिसतें, तें तुम्हीच आम्हांस सांगा. कांहीं न दिसलें तर तसेंच सांगा."

बराच वेळ गेला. मग काकू सावकाश म्हणाल्या, "मोठ्या ताऱ्याच्या खालीं, किंचित् डाव्या अंगाला, एक बारीक आहे. अगदीं जवळ. आहे, नक्की आहे."

ती अरुंधतीच होती. त्या वेळीं ती वसिष्ठाच्या नेमकी त्याच बाजूस असते, आणि हें काकूंस कोणीहि सांगितलेलें नव्हतें. काकूंनीं हात जोडले. "तेव्हां म्हटलें तें खोटें होतें," त्या म्हणाल्या, "आज खरें झालें."

नंतर शिक्षकांनीं त्यांचें वय विचारिलें, आणि ब्याऐंशी ऐकून ते हंसले. वसिष्ठ-अरुंधतीचा प्रकाश आपल्यापर्यंत येण्यास सुमारें ब्याऐंशी वर्षें लागतात. काकूंच्या जन्माच्या सुमारास निघालेला तो उजेड त्या रात्रीं त्यांच्या डोळ्यांत पोहोंचला. दुर्बिणींतून पाहिलें तेव्हां वसिष्ठहि एक नसून दोन दिसले. सूक्ष्म उपकरणांनीं पाहतां वसिष्ठाचे चार आणि अरुंधतीचे दोन, असें तें सहा ताऱ्यांचें एकत्र कुटुंबच आहे, असें ज्योतिषी सांगतात. हें ऐकून आमच्या वहिनींस विशेष समाधान झालें.

घरीं परतल्यावर

वाचकहो, अरुंधती न दिसण्याचा मृत्यूशीं संबंध नाहीं, डोळ्यांशीं आहे. घरांतील वृद्ध मनुष्यास ती दिसत नसेल तर त्यास ज्योतिषाकडे न नेतां नेत्रवैद्याकडे न्यावें. पण तरुण डोळ्यांसहि ती दिसत नसेल, तर दोष आपण लावलेल्या दिव्यांचा आहे. येरवड्याच्या तुरुंगांत काकासाहेब कालेलकरांच्या सहवासांत गांधीजींस ताऱ्यांचा नाद लागला. पुढें सेवाग्रामास ते उघड्यावर आकाशाखालीं निजत असत. तो आश्रम आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर आहे. त्या आकाशांतला एकहि तारा हललेला नाहीं. आपण मात्र त्याच्यापुढें पडदा ओढला आहे.

हा पडदा दूर करतां येतो, हेंहि आपल्या शेजारींच सिद्ध झालें आहे. नागपूर जिल्ह्यांतील पेंच व्याघ्रप्रकल्पास २०२४ च्या जानेवारींत भारतांतील पहिलें अंधाऱ्या आकाशाचें उद्यान म्हणून मान्यता मिळाली. तेथील खेड्यांनीं दिवे विझविले नाहींत. शंभराहून अधिक दिव्यांचीं तोंडें खालीं वळविलीं. उजेड रस्त्यावर पडूं लागला आणि आकाश मोकळें झालें. आमच्या अंगणांतील व गच्चीवरील दिव्यांवर आम्हीं घरीं येतांच पत्र्याच्या टोप्या बसविल्या. खर्च थोडा, आणि शेजाऱ्यांची झोंपहि सुधारली.

प्रत्येक कुटुंबास वैराटास जातां येईल असें नाहीं. आमच्या वर्धा जिल्ह्यांतच आर्वी-कारंज्याकडील टेकड्या आहेत, गिरडची टेकडी आहे, गांवापासून दूर पडलेलीं शेतें आहेत. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतच्या वद्य पक्षांतील त्रयोदशी ते अमावास्या ह्यांपैकीं एक रात्र पंचांगांत पाहून ठरवावी, घरच्या एकानें आधीं चार तारे नीट ओळखून घ्यावे, आणि मग सर्वांस न्यावें. वाटाड्या मात्र हवा, कारण नुसत्या पुस्तकानें दिशाभूल होते. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालापासून हौशी लोकांस आकाश दाखवीत आलेली आहे, आणि आतां इतरत्रहि अशीं मंडळें आहेत. आणि घरांतील वृद्धांस आधीं विचारावें. एखादी तिफण, एखादी बाज त्यांच्यापाशीं अजून असेल.

येत्या वैशाखांत आमच्या पुतणीचें लग्न आहे. वैशाखांत रात्रीं नऊच्या सुमारास सप्तर्षि उत्तरेस चांगले उंच असतात. उपाध्यायांशीं बोलून असें ठरविलें आहे कीं, दिवसां मांडवांत मंत्र म्हणून घ्यावा, आणि रात्रीं वधूवरांस आर्वीच्या शेतावर नेऊन अरुंधती खरोखर दाखवावी. दाखविणार आहेत मोठ्या काकू. त्यांची एकच अट आहे, आणि ती त्यांनीं नवऱ्यामुलास आतांच कळविली आहे: दिसली तरच दिसली म्हणावें.